भिंतीकडे फिरवलेली तसबीर

१८६१मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा, व्हर्जिनियातल्या एका घरात बहिणींनी आपल्या भावाची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली, असं सांगतात. भाऊ म्हणजे जॉर्ज हेन्री थॉमस. राज्य फुटून निघालं, तरी त्यानं संघराज्याच्या सैन्यातली शपथ मोडली नाही. त्याच्याच घोडदळ रेजिमेंटमधला वरिष्ठ रॉबर्ट ली मात्र व्हर्जिनियाकडे गेला. लीचं नाव आपल्याकडेही ठाऊक आहे, थॉमसचं कुणी घेत नाही. म्हणून आजचं सदर त्याच्यासाठी.

थॉमसच्या घरी गुलाम होते, पुढे त्याच्या स्वतःच्या पदरीही. दक्षिणेला तो फितूर वाटे आणि उत्तरेलाही या व्हर्जिनियन माणसाचा पुरता भरवसा नव्हता. २० सप्टेंबर १८६३ला चिकामॉगाच्या लढाईत उत्तरेची फळी फुटली, सेनापती रोझक्रान्स चॅटानूगाला निघून गेला. थॉमस स्नॉडग्रास टेकडीवर संध्याकाळपर्यंत पाय रोवून राहिला, म्हणून फौज वाचली.

तरी पुढच्याच वर्षी नॅशव्हिलला सरसेनापती ग्रँटच्या तारांवर तारा: हल्ला कर. जमिनीवर बर्फाचा थर, घोड्यांचे पाय ठरेनात. थॉमस थांबला. त्याच्या जागी येणारा अधिकारी निघालाही होता. बर्फ वितळलं आणि १५ व १६ डिसेंबरला त्यानं दक्षिणेचा सेनापती हूड याच्या फौजेची दाणादाण उडवली.

त्या लढाईत थॉमसच्या बाजूनं काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या. खंदकाआडून नव्हे, उघड्यावर चढाई करताना हे टिकतील का, अशी थॉमसला शंका होती. ओव्हरटन टेकडीच्या उतारावर त्यांची माणसं शेकड्यांनी पडली. नंतर काळ्या-गोऱ्यांचे देह शेजारीशेजारी पाहून तो सोबत्यांना म्हणाला, की आता प्रश्नच उरला नाही, हे लढतात. ज्यांना विकत घेता येतं असं लहानपणापासून पाहिलं, त्यांच्याविषयी पन्नाशीला टेकलेल्या सेनापतीनं आपली चूक बोलून दाखवली. मला चिकामॉगापेक्षा हे वाक्य मोठं वाटतं. युद्धानंतर टेनेसीत मुक्त झालेल्या माणसांना संरक्षण देताना तो त्या वाक्याला जागला.

१८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत मी थॉमसलाही धरतो. तोवर तो गेला होता. २८ मार्च १८७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, नॅशव्हिलबद्दलच्या टीकेला उत्तर लिहितालिहिताच त्याला झटका आला. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयला, बायकोच्या गावी, त्याचं दफन झालं. आता राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रँट आला, शर्मन, शेरिडन हे सेनापती आले. व्हर्जिनियातल्या घरून कुणीही आलं नाही.