विशीच्या आतले पदक

वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा दर दोन वर्षांनी भरते आणि तेवढ्यापुरती आपल्या वृत्तपत्रांना धावपटूंची आठवण होते. १९८६ साली अथेन्समध्ये या स्पर्धेस प्रारंभ झाला. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला ज्यांचे वय सोळा ते एकोणीसच्या दरम्यान आहे, त्यांनाच तिथे उतरता येते. तीस वर्षे भारताच्या नावावर तिथले एकही सुवर्ण नव्हते. २०१६ साली पोलंडमधील बिडगोश्च येथे नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकून ते मिळवले. २०१८ मध्ये फिनलंडमधील टॅम्पेरे येथे आसामच्या हिमा दासने चारशे मीटरचे अंतर ५१.४६ सेकंदांत कापले. जागतिक स्तरावर धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. २०२१ मध्ये नैरोबीला तीन पदके आली, २०२२ मध्ये कोलंबियातील काली येथे तीन, २०२४ मध्ये लिमा येथे एक. नैरोबीत झाशीच्या शैली सिंगचे लांब उडीतील सुवर्ण अवघ्या एका सेंटिमीटरने हुकले.

या यशाचा अभिमान कोणाही भारतीयास वाटावा असाच आहे. परंतु विशीच्या आतले पदक हा मुक्काम मानायचा की प्रस्थान, याचा विचार आपण समाज म्हणून अजून केलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

नीरजचेच पाहा. बिडगोश्चची ती फेक रिओ ऑलिम्पिकची पात्रता गाठणारी होती, पण पात्रतेची मुदत काही दिवस आधीच संपलेली होती. त्यानंतर टोकियोच्या सुवर्णापर्यंत पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत त्याला लष्कराने नायब सुभेदार म्हणून सामावून घेतले, परदेशी प्रशिक्षक मिळाले, २०१९ मध्ये मुंबईत कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि ते वर्ष वाया जाऊनही कोणी त्याचा हात सोडला नाही. बिडगोश्चचे पदक त्याच्या बाहूचे होते. टोकियोचे पदक त्या बाहूमागे पाच वर्षे उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचेही होते. ज्या पानिपतचे नाव काढताच मराठी मन आजही जड होते, त्या पानिपतातील ज्या मैदानावर हा मुलगा वजन कमी करण्यासाठी म्हणून प्रथम गेला, त्याचे नाव शिवाजी स्टेडियम. हिमाच्या वाट्याला मात्र दुखापती आल्या आणि टोकियोची पात्रता तिला गाठता आली नाही. अठराव्या वर्षीचे सुवर्ण पुढच्या कशाचीही हमी देत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता हे सारे आपल्या भूमीवर आणून पाहू. इचलकरंजीला लागून असलेले हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे यंत्रमागाचे गाव. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे साऱ्या पंचक्रोशीचे जीवन मागाच्या पाळीवर चालू लागले. बाप रात्रपाळीला, आई कांड्या भरायला आणि मूल शाळेत, असे घर इथे नवलाचे नाही. अशा घरातील चौदा वर्षांची एखादी मुलगी शाळेच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे पळते, असे समजा. तालुक्याला पहिली येते, जिल्ह्याला येते. मग पुढे काय? कोल्हापूर तीसेक किलोमीटर, पुण्याचे बालेवाडी सव्वादोनशेहून अधिक. तिच्यासाठी धावण्याचे बूट कोण घेणार, सकाळी पाच वाजता मैदानावर तिच्यासोबत कोण उभे राहणार आणि दहावीच्या वर्षी ‘आता पळणे पुरे’ असे घरी म्हटले गेले, तर तिच्या बाजूने बोलणार कोण?

बालेवाडीने जगातील तरुण खेळाडू पाहिलेले आहेत. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात ऑक्टोबर २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ७१ देश आले आणि ३३ सुवर्णपदकांसह भारत पहिला आला. २०१३ मध्ये तिथेच आशियाई मैदानी स्पर्धाही झाल्या. यजमानपद उत्तम निभावणे हा आपला गुण आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र मोठी स्पर्धा आपल्या राज्यात होऊन गेल्यामुळे शंभर कोसांवरील शाळेच्या मैदानावर एक शिट्टी अधिक वाजू लागली, असे घडत नाही. ते वेगळे काम आहे, आणि त्याला उद्घाटन समारंभ नसतो.

वस्तुतः हे काम कसे करावे, हे कोल्हापूरला कोणी शिकवण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान सिद्ध केले आणि तालमींची परंपरा बळकट केली. तालीम ही केवळ लाल मातीची जागा नव्हे. खेड्यातून आलेल्या पोराला तिथे राहायला मिळते, त्याच्या खुराकाची चिंता गाव किंवा एखादा शौकीन वाहतो, वस्ताद त्याच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवतो, आणि तयारी पुरती होईपर्यंत मोठ्या जोडीला हात लावू देत नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या दुसऱ्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. पहिल्या अपयशानंतरही शिष्यावरील विश्वास ढळला नाही म्हणून हे घडले.

धावणाऱ्या मुलासाठी मात्र अशी तालीम उभी राहिली नाही. वास्तविक पळण्याची आपली परंपरा तितकीच जुनी आहे. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या भारतीय चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अवघ्या अठराव्या वर्षी ते ऑलिम्पिक मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या चमूची कल्पना पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी खेड्यातील मुले पाहून दोराबजी टाटांना सुचली होती. शंभर वर्षांनंतर बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातील किती शाळकरी मुलांना चौगुल्यांचे नाव ठाऊक आहे, हे आपापल्या घरी विचारून पाहावे.

तालीम नसली की तिची जागा घाई घेते. जिल्हा आणि राज्य पातळीच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. हे लाभ योग्यच आहेत. खेळणाऱ्या मुलाचा अभ्यासाचा वेळ जातो, त्याची भरपाई समाजाने केलीच पाहिजे. परंतु सारा लाभ सोळा-सतराव्या वर्षीच्या प्रमाणपत्रास चिकटला की पालक, प्रशिक्षक आणि संस्था या सर्वांनाच आजचे पदक हवेसे होते, उद्याचा खेळाडू नव्हे. मग जन्मतारीख दोन वर्षांनी पुढे सरकते. सतरा वर्षांचा मुलगा पंधराच्या गटात धावतो, पहिला येतो, आणि खरा पंधरा वर्षांचा मुलगा निराश होऊन मैदान सोडतो. मनगटाची क्ष-किरण तपासणी करून हाडांच्या वयाचा अंदाज घ्यावा लागतो, ही वेळ आपल्यावर कागदपत्रांची विश्वासार्हता गेल्यामुळे आली. लबाडीचा पहिला धडा या मुलाला त्याच्याच घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळालेला असतो, हे त्यातील सर्वांत क्लेशदायक.

याहून गंभीर आहे ते औषधांचे. २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी आढळले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या आढाव्यात तर अल्पवयीन खेळाडूंच्या उत्तेजक सेवनात रशियाच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला. अल्पवयीन, हा शब्द पुन्हा वाचावा. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःहून औषधाच्या दुकानात जाऊन अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड मागत नाही. तिच्या हातात ते कोणीतरी ठेवतो, ‘ताकदीचे आहे’ म्हणून सांगतो. वाढत्या वयातील हाडे, यकृत, मुलींच्या बाबतीत तर पुढील आयुष्याचे आरोग्य, या साऱ्याची किंमत ती मोजते आणि सांगणारा दुसऱ्या मुलाकडे वळतो. अज्ञानही तितकेच घातक असते. २००० साली सँटियागो येथील जागतिक कनिष्ठ स्पर्धेत एका भारतीय मुलीने थाळीफेकीत जिंकलेले सुवर्ण काढून घेण्यात आले. सर्दीच्या औषधांत सर्रास असणारा स्यूडोएफेड्रिन हा घटक तिच्या तपासणीत आढळला होता. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले, ही तिची जिद्द. पण खेळणाऱ्या मुलाला खोकल्याचे औषध देण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे लागते, हे आपल्या किती पालकांना माहीत आहे?

या घाईवरचा उतारा महाराष्ट्रातच पाहावयास मिळतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे कनिष्ठ गटाचे कोणतेही जागतिक पदक घेऊन आलेला नाही. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, त्यानंतर शर्यतींकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्य मिळवले. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाबाहेर गेली नव्हती. नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारे शाळेत असताना मक्याचा भुसा आणि कापूस भरून केलेल्या गादीवर उंच उडी शिकला. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी घेऊन तो सहावा आला. ती गादी शासनाने पुरवलेली नव्हती. शाळेतील क्रीडाशिक्षकाने हाती असेल त्यातून ती उभी केली होती.

म्हणूनच या प्रश्नाचा कणा क्रीडाशिक्षक हा आहे. ज्या शाळांत त्याच्या तासाला गणिताचा उरलेला धडा घेतला जातो, त्याला जनगणनेला आणि निवडणुकीला जुंपले जाते, आणि तो निवृत्त झाल्यावर ती जागाच भरली जात नाही, त्या शाळांनी पदकविजेत्यांच्या सत्काराचे फलक लावू नयेत. आपले अनेक कार्यकर्ते शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. मैदानाचे मोल त्यांना वेगळे सांगावयास नको. परंतु मैदानाच्या कडेने दुकानगाळे काढण्याचा ठराव समोर येतो, तेव्हा ते कोणत्या बाजूला हात वर करतात, हे महत्त्वाचे आहे.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. तेव्हा जे अठरा-वीस वर्षांचे असतील, ते आज शाळेच्या बाकावर बसलेले आहेत, आणि त्यांपैकी काही बाके कबनूरसारख्या गावांत आहेत. इथे पतसंस्था आहेत, सूतगिरण्या आणि साखर कारखाने जवळ आहेत, गणेशोत्सव मंडळांकडे पैसा आणि माणसे दोन्ही आहेत. एका मंडळाने दोन मुले घ्यावीत. एका वर्षासाठी नव्हे, विशी ओलांडेपर्यंत. दूध, अंडी किंवा कडधान्ये, वर्षाला दोन बुटांचे जोड, प्रवासभाडे आणि हिमोग्लोबिनची तपासणी, एवढ्यापासून सुरुवात होते. कृत्रिम धावपट्टी व्हायची तेव्हा होईल. तोवर शाळेच्या मैदानावर मोजपट्टीने अंतर आखून चुन्याची फक्की मारता येते. आणि एक वही ठेवावी: पहिल्या पानावर मुलाची खरी जन्मतारीख, पुढे दर महिन्याची त्याची वेळ, आणि शेजारी त्या दिवशी मैदानावर हजर असलेल्या मोठ्या माणसाची सही.