शाळेला आपला वेळ द्या

कोपर स्थानकाला दोन मजले आहेत. खालून कल्याणच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसई गाडी जाते. गेल्या महिन्यात आम्ही सात वर्गमित्र तिथल्या जिन्याखाली भेटलो. दहावी होऊन चाळीस वर्षं झाली. एकजण वसईहून, दुसरा कर्जतहून आलेला. तिथून थेट शाळेत गेलो.

कार्यालयात लिपिकबाईंनी आमच्या वेळचं जनरल रजिस्टर काढून दिलं. पिवळी पानं, निळी शाई. प्रवेश क्रमांक, जन्मतारीख, मातृभाषा आणि शाळा सोडल्याचं कारण. माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि डोळे भरून आले. वडिलांना तेव्हा फी भरणं जमलं नव्हतं. ती वर्गशिक्षकांनी भरली होती.

स्नेहसंमेलनं जरूर व्हावीत. पण जेवण, फोटो आणि बॅचचं नाव रंगवलेला पंखा, एवढ्यावर थांबू नये. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना शाळेला माणसं हवी आहेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. माजी विद्यार्थ्यांचा त्यात उल्लेख नाही. तो व्हायला हवा. तोवर आपणच पुढं व्हावं.

आमच्यातला वायरमन मित्र आता दर शनिवारी मुलांना फ्यूज बांधायला शिकवतो. मी वाचन घेतो. शाळेचं ऋण असंच फेडायचं असतं, स्वतः हजर राहून.