आधी माती तपासा, मग पाणी मुरवा

शहरांतल्या जुन्या वीज उपकेंद्रांच्या जागा आता मोकळ्या होऊ शकतात. उघड्या स्विचयार्डऐवजी गॅस इन्सुलेटेड यंत्रणा बसवली की तेच काम कितीतरी कमी जागेत भागते आणि उरलेल्या भूखंडावर इमारती उभ्या राहू शकतात. अशा वेळी चर्चा रंगते ती चटईक्षेत्राची. त्या जागेवर पडणारा पाऊस कुठे जाणार, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक तो आरोग्याचा प्रश्न आहे.

स्विचयार्डमध्ये जाड खडी पसरलेली असते. कर्मचाऱ्यांना जमिनीतून विजेचा धक्का बसू नये आणि तेलाचा भडका पसरू नये, हा तिचा हेतू. पण तिच्यातून पावसाचे पाणीही मुरते. तिथे काँक्रीट आले की हे थांबते. ताशी 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर तासाभरात सुमारे दोन लाख लिटर पाणी साचते आणि काँक्रीटवरून ते जवळजवळ सगळे गटाराकडे धावते. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखली होती आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे त्यात गृहीत होते. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी 50 मिलिमीटरचा निकष सुचवला आणि पाणी मुरण्याचे गृहीतकही सोडून दिले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मोकळी जमीन गमावल्याची किंमत सगळ्यांनी पाहिली.

त्यामुळे पाणी शक्यतो आवारातच मुरवा, हा आग्रह योग्यच आहे. एरवी कोणत्याही भूखंडावर तो डोळे मिटून मान्य करावा. उपकेंद्राच्या जागेवर मात्र आधी डोळे उघडले पाहिजेत.

कारण तिथे आधीच एक शोषखड्डा असतो, तो रोहित्राखाली. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्यात 2,000 लिटरहून अधिक तेल असेल, तर सांडलेले तेल सामावण्यासाठी शोषखड्डा ठेवावा, असा सुरक्षा नियम आहे. अनेक दशकांच्या गळतीत खड्ड्याबाहेरची मातीही तेल पिऊन बसलेली असू शकते. काही जुन्या उपकरणांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल म्हणजे पीसीबी ही रसायने असत. तेल गाळण्याचे यंत्र एकच असेल, तर ती साध्या खनिज तेलातही मिसळतात. ती सहजी विघटित होत नाहीत, शरीरातल्या चरबीत साठतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्ये त्यांना माणसासाठी कर्करोगकारक ठरवले. भारतात 2016 च्या आदेशाने त्यांचा वापर 31 डिसेंबर 2025 पर्यंत पूर्ण थांबवण्याची मुदत घातली. आदेशाने वापर थांबेल; मातीत उतरलेले पीसीबी त्याने नाहीसे होणार नाहीत.

अशा मातीत पावसाचा शोषखड्डा खणला, तर तेल खाली भूजलाकडे ढकलण्याची सोय आपणच करून देतो. दुसरी वाट गाळाची. पीसीबी पाण्यात फारसे विरघळत नाहीत, ते मातीच्या कणांना चिकटतात. म्हणून पायाच्या खोदकामातून वाहणारे गढूळ पाणी अधिक धोक्याचे. तो गाळ नाल्यातून खाडीत, खाडीतून माशांत आणि माशांतून ताटात पोहोचू शकतो.

तेव्हा अशा जागांसाठी पर्जन्यजलाच्या अटींचा क्रम ठरवून द्यायला हवा. खोदकामाच्या परवानगीआधी रोहित्रांची जागा, तेलवाहिन्या आणि बॅटरी खोलीजवळची माती तपासावी. बॅटरी खोलीजवळ शिशासाठीही. दूषित माती काढून अधिकृत विल्हेवाटीसाठी पाठवावी. स्वच्छ ठरलेल्या भागातच पाणी मुरवावे. उरलेल्या भागाचे पाणी तळाला अस्तर असलेल्या बंदिस्त टाकीत धरून हळूहळू सोडावे, म्हणजे गटारावरचा भारही वाढणार नाही. बांधकामाच्या काळात गाळ बसवण्याची टाकी पावसाळ्याआधी तयार असावी. उपकेंद्राचा काही भाग चालू राहणार असेल, तर तिथले पाणी तेल वेगळे करूनच बाहेर जावे. नवी जमीन उंच करून शेजारच्या वस्तीत पाणी लोटणे हा तर उपाय नव्हेच.

यात खर्च आणि विलंब वाढेल, अशी तक्रार होईल. ती खोटी नाही. पण मातीचे नमुने घेण्याचा खर्च इमारतीच्या खर्चापुढे किरकोळ असतो आणि दूषित झालेले भूजल पुन्हा स्वच्छ करणे फार अवघड असते. शिवाय तपासणीचा अहवाल घर घेणाऱ्यांना आणि आसपासच्या रहिवाशांना पाहता आला पाहिजे. कूपनलिकेचे पाणी वापरणारे शेजारी बिल्डरच्या नफ्यात वाटेकरी नसतात. मग धोक्याचा वाटा त्यांच्या माथी का यावा?

पावसाचे पाणी जमिनीत जिरवणे ही चांगली सवय आहे. फक्त ते कोणत्या जमिनीत जिरते आहे, हे पहिली कुदळ पडण्याआधी कळायला हवे.