हातचा धरायचा कंटाळा

दिवाळीत नातू अलिबागला आला होता. पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. म्हणाला, "आजोबा, 2035 पर्यंत लीप सेकंदाची कटकट जाणार!" त्याला आनंद झाला, मला मात्र राग आला. का, ते सांगतो.

पृथ्वी काही अणुघड्याळाइतकी नेमाने फिरत नाही. दोघांतलं अंतर 0.9 सेकंदाच्या आत राहावं म्हणून 1972 पासून 27 वेळा एक-एक सेकंद वाढवला. शेवटचा आपल्याकडे 1 जानेवारी 2017 ला पहाटे साडेपाचच्या तोंडावर आला. अधिक मासाचा धाकटा भाऊच म्हणा ना! आणि पंचांगासारखाच तोही आधी जाहीर होतो. पॅरिसहून साधारण सहा महिने अगोदर पत्रक निघतं. मग वेळ पुरवणारे सर्व्हर आपल्या निरोपात दोन आकड्यांची खूण घालतात. 01 म्हणजे आजचं शेवटचं मिनिट 61 सेकंदांचं, 10 म्हणजे 59 चं. यात अवघड काय आहे?

तरीही 2012 साली लिनक्समधल्या एका चुकीने जगभरचे संगणक अडकले. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. गूगलसारख्यांनी तर तो सेकंद थोडाथोडा मुरवायचा मार्ग धरला. त्यांनी हे उघड सांगून केलं, हे मान्य. पण त्यांचे सर्व्हर ती खूण लावत नाहीत. त्या दिवशी एखाद्या यंत्राने दोन्ही प्रकारच्या सर्व्हरना वेळ विचारली, तर उत्तरांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक. त्याने ऐकायचं कुणाचं?

आणि आता मोठ्यांची परिषद म्हणते, अंतराची मर्यादाच वाढवू. 2022 साली तसा ठरावही झाला. म्हणजे सेकंद जाणार नाही, साचणार. फेडायचं नातवंडांनी! मुलांना हातचा धरता येत नाही म्हणून आम्ही हातच्याची बेरीज अभ्यासक्रमातून काढली नाही हो. पुन्हा पुन्हा करून घेतली.

नातू म्हणतो, उद्या सेकंद कमी करायची वेळ आली तर? ते अजून कधीच झालेलं नाही. खरं आहे. पण त्याची खूण तर केव्हाची ठरलेली आहे. सराव करा, चाचण्या घ्या. परीक्षाच रद्द करणं हा अभ्यास नव्हे.

आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा पाहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे दिसलं. तेव्हा 'थोडं चुकलं तर चालेल' असं कुणी म्हटलं नाही. 1904 साली इथे नवी वेधशाळा सुरू केली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताळा पाहिला आणि मगच तिथलं काम थांबवलं. ट्रामही धावल्या, नोंदीही टिकल्या.

ट्राम केव्हाच गेल्या. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.