गरिबांच्या नावाची बंदूक

दोस्तांनो, एक शब्द आधी नीट ऐका : मोस्तझाफिन. फारसी बोलीतला. ज्यांना दुबळं करून ठेवलंय ते. तळातले, दबलेले. १९७९ साली इराणात शहाचं तख्त उलथलं, तेव्हा खोमेनींच्या तोंडी हा शब्द सारखा होता. मला तो आपल्याच वस्तीतला वाटला. म्हणून राग जास्त.

जुनं सैन्य शहाचं. त्याच्यावर भरवसा कोण ठेवणार? मे १९७९ मध्ये खोमेनींनी दुसरी फौज उभी केली : पासदारान, क्रांतीचे राखणदार. इथवर माझी तक्रार नाही. चिलीत १९७३ साली सैन्य उलटलं तेव्हा आयेंदेच्या मागे अशी फौज नव्हती, आणि पुढं पिनोशेने काय केलं ते जगाने बघितलं. तेव्हा समांतर फौज हेच मुळात पाप, असं खुर्चीत बसून सांगणाऱ्या विद्वानांशी आपलं जमत नाही.

माझा सवाल दुसराच. राखण कशाची? इराणच्या घटनेत कलम १४३ सैन्याला देशाची सरहद्द सांभाळायला सांगतं. कलम १५० पासदारानला क्रांती सांभाळायला सांगतं. सरहद्द नकाशावर दिसते हो. क्रांती कुठं सुरू होते, कुठं संपते, हे कोण ठरवणार? ज्याच्या हाती बंदूक तो!

आणि त्याने ठरवलंच. खोमेनींच्या मागे उभा राहिलेला डावा तुदेह पक्ष १९८३ मध्ये तुरुंगात गेला. इराकशी लढाई संपली, तर ही फौज कंत्राटदार झाली. धरणं, रस्ते, तेलाच्या पाइपलाइनी. २००९ मध्ये सरकारी टेलिफोन कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा तिच्याशी संबंधित मंडळींनी घेतला. १९९९ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, तर चोवीस कमांडरांनी निवडून आलेल्या खातमींना पत्र धाडलं, आमचा धीर सुटलाय म्हणून. २००४ मध्ये तेहरानचा नवा विमानतळ उघडला त्याच दिवशी यांनी बंद पाडला. मतपेटीला कोण विचारतो?

या फौजेच्या हाताखाली बसिज. पूर्ण नावात पुन्हा तोच शब्द, मोस्तझाफिन. युद्धात बारा-चौदा वर्षांची पोरं याच बसिजमधून आघाडीवर गेली, सुरुंगांवर मेली. गरिबांचीच पोरं ती, साहेबांची नव्हेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोल महागलं, गरीब वस्त्या पेटल्या, आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. माहशहरमध्ये माणसं मेली. २०२२ मध्ये महसा अमिनी गेली, पोरींनी डोक्यावरची ओढणी जाळली, तेव्हाही चिरडायला पासदारान आणि बसिज हजर.

आमच्यातला एक म्हणतो, अमेरिका त्यांच्या मागे लागलीय, आत्ता बोलू नकोस. अरे, १९५३ मध्ये मोसादेकचं सरकार सीआयएने पाडलं, हे मलाही ठाऊक आहे. पण माहशहरात मेलेल्यांनी ते पाडलं नव्हतं.