प्रशिक्षण हवे म्हणता, मग वर्गाचे दार कोण अडवते?

ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ सरकारने तिरुअनंतपुरमला चित्रपट धोरणावर परिषद भरवली होती. तिच्या समारोपात ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी सरकारच्या एका योजनेवर बोट ठेवले. ही योजना अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला दिग्दर्शकांना चित्रपटासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत निधी देते. ही रक्कम फार मोठी आहे, ती तिघांत वाटावी आणि पैसे देण्याआधी या मंडळींना तज्ज्ञांकडून किमान तीन महिन्यांचे कसून प्रशिक्षण द्यावे, असे अडूर यांचे म्हणणे होते. गायिका पुष्पवती यांनी सभागृहातच त्याला आक्षेप घेतला. पुढे बरेच दिवस केरळात त्यावरून वाद चालला.

चित्रपटाला प्रशिक्षण लागते, हे आम्हाला मान्य आहे. अंगात कला असली की सिनेमा आपोआप बनतो, असे मानणाऱ्यांत आम्ही नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, संकलन, निर्मितीचा हिशेब या शिकाव्या लागणाऱ्या गोष्टी आहेत. मग प्रश्न असा की ते शिक्षण मिळते कुठे, आणि तिथे आपल्या मुलांना काय वागणूक मिळते?

अडूर यांचीच वाटचाल पाहा. १९६० च्या दशकात ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. संस्था सरकारी, आणि शिष्यवृत्तीही भारत सरकारची. त्यांचा पहिला चित्रपट ‘स्वयंवरम’ १९७२ साली आला, त्यामागे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे कर्ज होते, म्हणजे तेही सरकारी. यात गैर काही नाही. सार्वजनिक पैशातून एक मोठा दिग्दर्शक घडला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तोच सार्वजनिक पैसा दलित दिग्दर्शकाच्या हाती पडायची वेळ आली की आधी परीक्षा द्या, ही अट कुठून येते?

शिवाय याच केरळात, त्या परिषदेच्या अवघी अडीच वर्षे आधी, दलित विद्यार्थी हेच प्रशिक्षण मागत होते. कोट्टायम जिल्ह्यात के. आर. नारायणन यांच्या नावाने राज्य सरकारची चित्रपट शिक्षण संस्था आहे. देशाचे पहिले दलित राष्ट्रपती याच जिल्ह्यातले. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संस्थेचे विद्यार्थी संपावर गेले. प्रवेशात आरक्षणाचे नियम पाळले नाहीत, संकलनाच्या वर्गात जागा रिकाम्या असूनही एका दलित उमेदवाराला प्रवेश मिळाला नाही, असा त्यांचा आरोप होता. सफाई कामगार महिलांनी तर संचालकांच्या घरची कामे आपल्याकडून करून घेतली जातात, अशी तक्रार केली. संचालकांनी हे आरोप नाकारले. सरकारने चौकशी समिती नेमली. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांनी राजीनामा दिला आणि संप मिटला. त्या काळात संस्थेचे अध्यक्ष अडूरच होते. त्यांनी संचालकांची बाजू घेतली आणि महिनाअखेरीस स्वतःही पद सोडले.

दोन प्रसंग शेजारी ठेवले की आमचा मुद्दा स्पष्ट होतो. वर्गात जागा मागितली तेव्हा भांडण झाले. वर्गाबाहेर निधी मिळाला तेव्हा शिकून या म्हटले गेले.

एका जागेसाठी एवढे भांडण कशाला, असे कुणी विचारेल. चित्रपट शिक्षणातली जागा म्हणजे नुसते बाक नव्हे. अशा संस्थांत एका विषयाच्या वर्गात साधारण दहाच मुले असतात. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी शिकणारी मुले एकत्र येऊन लघुपट करतात. कॅमेरा, स्टुडिओ, संकलन कक्ष संस्थेचा असतो, चुका करायला मुभा असते. बाहेर हेच सामान भाड्याने घ्यायचे तर दिवसाचे पैसे मोजावे लागतात. पुढे मुंबईत काम मिळते ते बहुधा याच वर्गमित्रांच्या ओळखीने. दिग्दर्शक आपला छायाचित्रकार आणतो, छायाचित्रकार आपला सहायक. चित्रपटसृष्टीत आरक्षण नाही, मुलाखत नाही, जाहिरातही क्वचितच निघते. नीरज घायवान यांनी सहायक आणि लेखक हवेत म्हणताना दलित, बहुजन, आदिवासी तरुणांना प्राधान्य देऊ असे जाहीरपणे लिहिले, तर त्यावरच टीका झाली. ओळखीने चालणाऱ्या धंद्यात ओळख नसलेल्याला बोलावले, हा त्यांचा गुन्हा!

आता आपल्याकडे येऊ. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. केंद्राची संस्था असल्याने तिथे अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. पण फी आणि राहण्याखाण्याचा खर्च आरक्षणाने भागत नाही. दरवर्षी १० टक्क्यांनी वाढणारी फी आणि महागलेली प्रवेश परीक्षा यांविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी उपोषण केले होते. २०२५ मध्ये ही संस्था आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था यांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता त्या स्वतः पदव्या देऊ शकतील, अभ्यासक्रम वाढवू शकतील. वाढणाऱ्या अभ्यासक्रमांची फी किती, राखीव जागांपैकी किती भरल्या, प्राध्यापकांच्या बिंदुनामावलीचे काय, हे दरवर्षी जाहीर झाले पाहिजे. आपल्या संघटनांनी माहितीच्या अधिकारात हे आकडे मागावेत. मोर्चापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडते.

पुण्याचीच वाट एकमेव आहे, असेही नाही. नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचे शिक्षण अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच शिक्षणाच्या काळातला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग २०१३ मध्ये ‘फँड्री’ आणि २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. जिल्ह्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाने जे केले, ते मुंबईतल्या लाखोंची फी घेणाऱ्या चकचकीत संस्थांना जमलेले नाही. अशा विभागांत कॅमेरे जुने असतात, शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, हे खरे. राज्य सरकारला खर्च करायचाच असेल तर इथे करावा. दर जिल्ह्यात एका अनुदानित महाविद्यालयात चांगला संकलन कक्ष आणि पूर्णवेळ शिक्षक द्यायला फार मोठी रक्कम लागणार नाही.

घरात मूल चित्रपट शिकायचे म्हणते तेव्हा आईवडील घाबरतात. एमपीएससी सोडून हे काय, असे होते. भीती अनाठायी नाही, कारण या क्षेत्रात सुरुवातीची वर्षे फुकटात किंवा जेमतेम पैशांवर काढावी लागतात, आणि मुंबईत भाडे कुणाला चुकत नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की दिग्दर्शनाखेरीज संकलन आणि ध्वनी या विषयांकडेही बघा. मालिका, बातम्या, जाहिराती, विवाहाचे चित्रीकरण, सगळीकडे या हातांना काम आहे, आणि त्या रोजगारावर स्वतःचा लघुपट उभा राहू शकतो.

खासगी संस्थेत प्रवेश घेत असाल तर फी भरण्याआधी एक चौकशी जरूर करा: हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी दिसतो का? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यापुढच्यांनी फ्रीशिप लागू होते का, हेही विचारावे. ‘मिळेल, नंतर बघू’ हे उत्तर पुरेसे मानू नका, लेखी मागा. संस्था लेखी देत नसेल तर मूळ दाखले तिच्या हाती देऊ नका.