चांगला साहेब की बोलायचा हक्क?

फॅशन उद्योगातल्या तरुण कामगारांच्या समाधानाचा विषय निघाला की मॅनेजमेंटवाले नेतृत्वशैलीचे धडे देतात. साहेब समजूतदार असला की कामगार खूश! पण साहेबाला अंगावर ओरडायची मुभा कोण देतं आणि कामगाराला तोंड उघडायची भीती का वाटते, हा प्रश्न त्या धड्यात नसतो.

तमिळनाडूतलं दिंडीगुल पाहा. तिथल्या नाच्ची अपॅरल कारखान्यात एच अँड एमसाठी कपडे शिवले जात. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या विशीतल्या दलित कामगार तरुणीचा खून झाला. आरोप होता तिच्या सुपरवायझरवर. तो तिला आधीपासून छळत होता, असं घरच्यांनी आणि सहकारी बायकांनी सांगितलं. शिवणाऱ्या बहुतेक बायका, वर पुरुष सुपरवायझर, त्याच्याही डोक्यावर टार्गेट. अशा ठिकाणचा छळ ही कुणा एकाची 'शैली' नसते. जात, पुरुषसत्ता आणि नफा मिळून तो घडवतात.

त्यानंतर दलित महिलांच्या नेतृत्वाखालील तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन लढली. एप्रिल २०२२ मध्ये दिंडीगुल करार झाला. मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम दोघेही त्यात बांधले गेले. जातीवरून भेदभावाला आणि तक्रारदारावर सूड उगवायला बंदी आली. लाईनवरच्या बायकांनाच प्रशिक्षण देऊन देखरेखीला नेमलं. पहिल्या वर्षी १८५ तक्रारी पुढे आल्या, १८२ सुटल्या.

मग चांगला सुपरवायझर नको का? हवाच. पण त्याचा चांगुलपणा ही मेहेरबानी असते. त्याची बदली झाली की संपली. हक्क मात्र टिकतो.

आपल्याला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. फॅशनच्या कारखान्यात हे दोन्ही शत्रू आजही एकाच लाईनवर उभे आहेत.

आज आपली मुलं-मुली शोरूममध्ये, शिलाई युनिटमध्ये राबतात. मित्रांनो, त्यांना 'साहेब कसा आहे?' एवढंच विचारून थांबू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती सक्तीची आहे. ती आहे का? युनियन आहे का? नसेल, तर आपलं काम तिथूनच सुरू होतं.

जय भीम!